मन गैरहजर

धम्मपालला 'अ‍ॅब्सेंट' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. त्याच्या लहानपणी गुरुजी हजेरी घेत, आणि जो पोरगा त्या दिवशी शाळा बुडवून बोरं पाडायला गेलेला असे, त्याचं नाव आलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "अ‍ॅब्सेंट!" त्यामुळे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या इंग्रजी शाळेतल्या पालकसभेत अपूर्वा मॅडम जेव्हा म्हणाल्या, "आम्रपाली फार अ‍ॅब्सेंट-माइंडेड असते हो," तेव्हा त्या शब्दाचं शेपूट कानाबाहेरच राहिलं. पहिला भाग तेवढा आत गेला आणि काट्यासारखा रुतला.

मॅडम रिसोडच्या धान्य-व्यापाऱ्याच्या घरच्या. वयानं लहान, बोलायला मऊ. "घरी जरा लक्ष द्या तिच्याकडे," त्या म्हणाल्या. मागे पालकांची रांग होती आणि सगळे ऐकत होते. म्हणजे नेमकं काय, असं विचारावं हे धम्मपालच्या जिभेवर आलं होतं. पण त्याच्या नखांत मोटारीचं वार्निश होतं आणि आजूबाजूला इस्त्रीचे शर्ट. तो एवढंच म्हणाला, "देतो ना मॅडम. पाहतोच मी तिच्याकडे."

धम्मपालचं मेडशीला रस्त्याच्या कडेला मोटार वायंडिंगचं दुकान होतं. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की वीज कधी येई, कधी जाई, आली तरी कमी दाबानं येई, आणि शेतकऱ्यांच्या मोटारी जळत. त्या उघडायच्या, जळकी तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची. त्या दिवसांत त्याला भाकरी खायची फुरसत नसे. दुकान बंद ठेवून तो सभेला गेला होता, आणि पोरगी शाळेलाच जात नाही, असं ऐकून परत निघाला होता.

फाटकात शाळेच्या जीपचा ड्रायव्हर मोहनसिंग तंबाखू मळत उभा होता. धम्मपालनं त्याला बाजूला घेतलं.

"मोहनसिंग, खरं सांग. माही पोरगी फाटकात उतरते का मधातच कुठी उतरते?"

"मधात कायले उतरन? रोज सोताच्या हातानं आत सोडतो."

म्हणजे आत जाऊन बाहेर पळते, असं धम्मपालनं ठरवून टाकलं. मेडशी येईपर्यंत त्याचं डोकं तव्यासारखं तापलं.

आम्रपाली, घरातली आमू, ओट्यावर बसून चित्रात रंग भरत होती. नऊ वर्षांची, बारीक चणीची, दोन वेण्यांची. चपला न काढताच त्यानं विचारलं, "शाळेतून कुठी जातं तू?"

"कुठीच नाई, पप्पा."

"मॅडम खोटं बोलते काय? अ‍ॅब्सेंट रायतं म्हने तू!"

"मी शाळेतच असतो ना!"

धम्मपालचा हात उठला. तिच्या जन्मापासून पहिल्यांदाच. पिठाच्या हातानं तिची आई रूपा आतून धावत आली आणि पोरीला पोटाशी धरून ओरडली, "काय झालं तुमाले? खाऊन टाकता काय तिले?"

आरडाओरडा ऐकून धम्मपालचे वडील शेषराव आले. ते पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या वेळेची मॅट्रिक. गावच्या विहारात वंदना तेच सांगत. त्यांनी मुलाला खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "मॅडमनं काय म्हनलं ते पुरं सांग."

"अ‍ॅब्सेंट... मायंडेड का काय तं."

शेषरावांनी कपाळावर हात मारला. "अबे, अर्धाच शब्द घेऊन आला तू! अ‍ॅब्सेंट म्हंजे गैरहजर, ते ठीक. पन माइंड म्हंजे मन. पोरगी वर्गात हजर, तिचं मन गैरहजर. ज्याचं ध्यान ठिकानावर नसते त्याले म्हनतेत. आपन पंचशीलात पमाद म्हनतो ना, त्याच्याच जातीचा शब्द हाय. बेसावधपना."

"म्हंजे पळून जात नाई ती?"

"पळते तं तू. डोक्यानं."

धम्मपाल उठून स्टँडवर गेला आणि गरम जिलबी घेऊन आला. आमूनं ती खाल्ली. पोरं विसरतात. तिच्या गालावरची बोटं मात्र बराच वेळ दिसत राहिली, आणि तो दुसरीकडे बघत राहिला.

त्यानंतर तो शब्द घरातच राहायला आला. दूध उतू गेलं की रूपा म्हणे, "मीच अ‍ॅब्सेंट-माइंडेड झाली बाप्पा." धम्मपाल पाना कुठं ठेवला ते विसरला की दुकानात बसलेली माणसं म्हणत, "पोरीचं बापावर गेलं का बापाचं पोरीवर?" गल्लीतल्या पोरांनी तर त्याचे दोन तुकडे केले आणि आमूला नुसतं "ए अ‍ॅब्सेंट" म्हणून हाक मारू लागली. आमूला 'बेध्यान' किंवा 'येडी' म्हटलं असतं तर रूपा भांडायला गेली असती. पण हा शब्द इंग्रजी होता आणि मॅडमनं दिलेला होता. त्यात शिवी कमी आणि शिक्षण जास्त वाटायचं.

उपाय ज्यानं त्यानं आपापले केले. रूपानं मोबाइल कपाटात कुलपात घातला. धम्मपालनं पोरीला रोज डोळे वटारून दाखवले. शेषरावांनी मात्र मनावर घेतलं. ते रोज सकाळी नातीला अंथरलेल्या चादरीवर समोर बसवत. "मोठा श्वास घे. सोड. आजून मोठा घे. मन कुठी जाऊ देऊ नको." आमू आज्ञाधारक होती. ती छाती भरभरून श्वास घेई, भराभर सोडी. आणि थोड्या वेळानं खरोखरच स्थिर होई. डोळे अर्धवट उघडे, चेहरा निवांत, पापण्या तेवढ्या बारीक थरथरत. शेषराव सुनेला हळूच खुणावत, "पाह्य, पाह्य. कसं ध्यान लागलं पोरीचं! मोठ्या मोठ्यायले जमत नाई." विहारातही ते दोघा-तिघांना सांगून आले.

आणि शाळेतून निरोप येतच राहिले. आम्रपाली ऐकत नाही. अर्धं वाक्य लिहिते आणि थांबते. विचारलं तर म्हणते, मॅडम तुम्ही सांगितलंच नाही.

एका रविवारी आमू दुकानात बसली होती. धम्मपाल मोटारीत तार भरत होता आणि ती तारेचं रीळ हातात धरून हळूहळू सोडत होती. हे काम तिला आवडे. बोलायला मिळे म्हणून.

"पप्पा, आमच्या शाळेत ना एक खार हाय. काल ती खिडकीतून..."

पुढचं आलं नाही. धम्मपालनं तार ओढली. ती आली नाही. अजून ओढली, तर ताणून तुटली. चिडून त्यानं वर पाहिलं.

आमू त्याच्याकडेच बघत होती. पण बघत नव्हती. डोळे त्याच्यावर होते आणि त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. पापण्या थरथरत होत्या, ओठ किंचित हलत होते, रीळ हातात तसंच.

"आमू!" तो म्हणाला. मग मोठ्यानं, "आमू! ए आमू!"

काही नाही. मग एकदम, गेलेली वीज यावी तशी, ती परत आली.

"...आत आली अन् मॅडमच्या डब्यातली पोळी घेऊन पळाली! मॅडम अशा दचकल्या!" ती खुदकन हसली. मग तिनं खाली पाहिलं. "पप्पा, तार काहून तोडली तुमी?"

"मी तुले आवाज देल्ला. आयकला का?"

"कवा?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. ती कधीच खोटं बोलली नव्हती. मधला तेवढा तुकडा तिच्याकडे नव्हताच, आणि तो नाही हेही तिला माहीत नव्हतं.

घरी येऊन त्यानं रूपाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मी बी पाह्यलं," ती म्हणाली. "वेनी घालतानी आरशात. मले वाटलं, मुद्दाम करते. मी चिमटा काढला तिले." आणि ती पदर डोळ्यांना लावून रडायला लागली.

वाशीमला लहान मुलांच्या डॉक्टरकडे शेषरावही सोबत गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदाची एक पट्टी आमूच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "फुंक मार बेटा. जोरात. मारत राहा." पट्टी फडफडत राहिली. आमू फुंकत होती, हसत होती, फुंकत होती. आणि पट्टी थांबली. तेच डोळे, त्याच पापण्या. डॉक्टरांनी तिच्या कानाजवळ टाळी वाजवली. ती हलली नाही. थोड्या वेळानं परत आली आणि पुन्हा फुंकायला लागली.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "हा फिटचाच एक प्रकार आहे. पडत नाही, फेस येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मेंदूतली वीज क्षणभर गडबडते. याला अ‍ॅब्सेन्स म्हणतात."

धम्मपाल चटकन म्हणाला, "मॅडम बी तेच म्हनत होत्या साहेब. अ‍ॅब्सेंट-माइंडेड."

"नाही नाही. ते वेगळं. अ‍ॅब्सेंट-माइंडेड आपण त्याला म्हणतो, ज्याचं लक्ष दुसरीकडे असतं. बसलाय इथं, विचार बाजाराचा करतोय. त्याला हाक मारा, तो येतो. हिचं लक्ष दुसरीकडे नसतं हो. कुठंच नसतं. हाक मारून ती येणार नाही. तिच्या हातात ते नाही."

शेषरावांनी विचारलं, "साहेब, फुंक माराले काहून सांगतली तुमी?"

"भराभर मोठे श्वास घेतले की हे येतं. म्हणून तपासताना मुद्दाम घ्यायला लावतो."

"रोज सकाळी घेतले तं?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. "घेत होती का? बंद करा ते."

एसटीत शेषराव खिडकीशी बसले. मेडशीचा चढ आला तेव्हा धम्मपालला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "मी म्हनत होतो, ध्यान लागलं पोरीचं." धम्मपालचा पोरीवर उठलेला हात मांडीवर पडला होता, तो त्यानं उलटा करून ठेवला.

अकोल्याला डोक्याला तारा लावून तपासणी झाली. सिरप सुरू झालं. थोडं थोडं वाढवायचं, एकदम नाही. औषध लागू पडेपर्यंत आणि नंतरही एकटीनं सायकल नाही, विहिरीकाठी नाही, चुलीजवळ नाही. येत्या वाढदिवसाला सायकल घ्यायचं कबूल केलेलं होतं. आमूनं हट्ट केला नाही, फक्त विचारलं, "मंग कवा?" डॉक्टर म्हणाले होते, "बहुतेक मुलांचं हे मोठं होता होता थांबतं." धम्मपालनं दाराशी जाऊन परत वळून विचारलं होतं, "बहुतेक म्हंजे साहेब?" आणि डॉक्टर म्हणाले होते, "बहुतेक म्हणजे बहुतेक."

घरात पहिला प्रश्न निघाला, शाळेला काय सांगायचं. धम्मपालचं म्हणणं, खरं ते सांगू. रूपानं साफ नकार दिला.

"फिट म्हनलं का लोकं मिरगी म्हनतीन. चप्पल हुंगवा म्हनतीन. उद्या तिच्या लग्नाच्या वक्ती हेच निघन. मॅडमनं इतका चांगला शब्द देल्ला हाय, तोच राहू द्या."

"पन तो शब्द खोटा हाय रूपा."

"असू द्या. अ‍ॅब्सेंट-माइंडेड पोरीचं लगन तं मोडत नाई."

ज्या शब्दासाठी धम्मपालनं पोरीला मारलं होतं, त्याच शब्दाच्या आडोशाला आता सगळं घर बसलं. पुन्हा निरोप आला तेव्हा त्यानं फोनवर मॅडमना सांगितलं, "हो मॅडम, अ‍ॅब्सेंट-माइंडेडच हाय ती पयल्यापासून. समजावतो."

जीप रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला थांबत असे. दुकानासमोरूनच पोरं रस्ता ओलांडत. रस्ता आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. रुंद झाला होता आणि अकोल्याकडून येणाऱ्या गाड्या गाव आहे की माळरान हे बघत नसत. रोज आमूला पलीकडे शेषराव पोचवत. एका सकाळी त्यांना ताप होता, आणि धम्मपालच्या दुकानात शेतकरी मोटार घेऊन खोळंबला होता. "पोरायसंगं जाय," तो म्हणाला आणि पेचकस हातात घेऊनच दारात उभा राहिला.

पोरं दुभाजकापर्यंत गेली. दोन्हीकडे पाहिलं आणि पळाली. आमूही पळाली. आणि पलीकडच्या रस्त्याच्या मधोमध थांबली.

धम्मपालला तिची पाठ दिसत होती. दप्तर, दोन वेण्या. ट्रकही दिसत होता. तो धावला, पण अलीकडून सोयाबीनच्या कुटार-भुशानं भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, लांबच लांब ट्रॉलीसकट. तो ट्रॉलीच्या फळीवर हात आपटत ओरडला, "आमू! आमू!" ओरडताना त्याला ठाऊक होतं की हा आवाज तिथं पोचणार नाही. जगातला कुठलाच आवाज पोचणार नाही. तरी तो ओरडत होता, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मोठा भोंगा वाजला. टायर करकचले. मग ट्रॉली पुढे सरकली.

ट्रक वाकडा होऊन, अर्धा मातीत उतरून उभा होता. आणि आमू पलीकडच्या कडेला पोचली होती. तिनं वळून बापाकडे पाहिलं आणि रोजच्यासारखा हात हलवला.

ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "ध्यान कहाँ रहता है रे लडकी तेरा? मरेगी एक दिन!"

धम्मपाल दुभाजकावर बसला. आपल्या पोरीला काही झालेलं नाही हे दिसत होतं, तरी तो उठला नाही. मोहनसिंग जीप सोडून आला, त्याला दंडाला धरून उठवलं. तिथंच, रस्त्याच्या मधोमध, धम्मपालनं त्याला सगळं सांगितलं.

रूपाला कळल्यावर ती म्हणाली, "जा. सांगा शाळेले."

अपूर्वा मॅडमनी शांतपणे ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडानं म्हणायला लावलं होतं, आय अ‍ॅम अ‍ॅब्सेंट-माइंडेड." त्यांनी आमूला पहिल्या बाकावर घेतलं, बाकीच्या शिक्षकांना समजावलं, ती मधेच थांबली की तेवढं परत सांगायला लागल्या. मनानं चांगल्या होत्या. पण शाळेला कान असतात आणि पोरांना तोंडं. आठवड्याच्या आत रूपानं सांगितलं होतं तसंच झालं. सहलीला नेता येणार नाही म्हणून निरोप आला. किन्हीराजाहून येणाऱ्या एका मुलीच्या आईनं मोहनसिंगला बजावलं की माझ्या पोरीला तिच्याजवळ बसवू नको, लागण होते. मोहनसिंग भांडला. ती बाई म्हणाली, मग आम्ही दुसरी जीप पाहतो.

रूपानं नवऱ्याला बोल लावला नाही. डब्यात पोळी ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "काय करता? नाई सांगतलं तं रस्ता हाय, अन् सांगतलं तं लोकं हायेत."

सिरपची मात्रा दोनदा वाढली. मधे बरेच दिवस काही दिसलं नाही आणि शेषराव हरखून विहारात दिवा लावून आले. मग एका जेवणात आमूचा घास तोंडाशी तसाच थांबला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, अजून एक औषध आहे.

दुकान आता धम्मपाल उशिरा उघडतो. सकाळी पोरीला रस्ता ओलांडून देणं हे त्याचं काम. सुरुवातीला तो तिचा हात धरी. एक दिवस आमूनं हात सोडवून घेतला. "पोट्ट्या पाहून राह्यल्या पप्पा. मी लहान हाय काय?" तेव्हापासून तो तिच्या मागून चालतो आणि दप्तराचा पट्टा मुठीत धरतो, तिला फारसं जाणवणार नाही असा.

परवा दुभाजक ओलांडल्यावर मुठीतला पट्टा एकदम सैल पडला. आमू थांबली होती. समोरून एसटी येत होती, तिच्यामागे आणखी गाड्या. तिला उचलून पळावं असं त्याच्या मनात आलं. पण जीपमधून पोरं बघत होती, आणि परत आल्यावर ती बापाच्या काखेत सापडली असती तर दिवसभर रडली असती. त्यानं दुसरा हात वर केला आणि तिच्या पुढ्यात उभा राहिला. एसटी थांबली. मागच्यांनी भोंगे सुरू केले. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी विचारत होता. धम्मपालनं उत्तर दिलं नाही. तो हात वर धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

मुठीतला पट्टा हलला. आमू चालायला लागली. जीपमध्ये चढून ती मागच्या सीटवर एकटीच बसली. मोहनसिंगनं दार लावलं. जीप गेली. गाड्या पुन्हा धावायला लागल्या, आणि त्याला अलीकडे परतायला बराच वेळ वाटच मिळाली नाही.